दुसरी हाक

तुळजाक्का माशाचा डोळा सगळ्यांत शेवटी काढायच्या. खवले, पर, कल्ले, शेपटीवरची रेघ न् रेघ पुरी व्हायची, रंग वाळायचा, आणि डोळ्याच्या जागी कोरा कागद तसाच राहायचा. असे अर्धवट मासे त्यांच्या खोलीत दोरीला चिमटे लावून टांगलेले असत. मी मद्रासला नोकरीवर रुजू झाले त्या सकाळी शिपायाने चुकून मला आधी त्या खोलीत नेऊन उभं केलं. समुद्राकडची खिडकी उघडी होती. वारा आला, सगळे मासे एकदम माझ्याकडे वळले, आणि त्यांतल्या एकालाही डोळा नव्हता. मी प्राणिशास्त्र शिकलेली, बेडूक कापताना कधी कचरले नव्हते. पण तिथे माझे पाय दारातच थबकले.

"ये अगे," कोपऱ्यातून आवाज आला. "भिऊं नको. त्यांस अजून दिसत नाहीं."

मी लग्न होऊन पुण्याहून आलेली. नवरा गिंडीच्या एका कारखान्यात, बिऱ्हाड सैदापेटला, आणि तमिळचा एक शब्द येत नाही, अशी माझी तऱ्हा. मासळीखात्याच्या त्या छोट्याशा संग्रहालयात मराठी कानी पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुळजाक्का तंजावरच्या मराठ्यांतल्या. त्यांची भाषा आमच्या पणजीच्याही आधीची, आणि हेल मात्र अस्सल तमिळ. त्यांचं माहेर देवांची चित्रं काढणारं. फळीवर कापड ताणायचं, वर चुन्या-डिंकाचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख. आणि सगळं झालं की एके सकाळी न्हाऊन, उपाशीपोटी, देवाचे डोळे उघडायचे. वडिलांच्या हाताकडे बघत शिकलेल्या अक्कांनी तो नेम माशांनाही लावला होता. संग्रहालयाच्या साहेबांना पुस्तकासाठी चित्रं हवी होती, नेमाधर्माशी त्यांना कर्तव्य नव्हतं. दर शुक्रवारी अक्का कॉफीसुद्धा न घेता यायच्या आणि ज्याची पाळी असेल त्याचा डोळा उघडायच्या. तोही बाटलीतल्या माशावरून नाही. किनाऱ्यावर जाळी ओढतात तिथे जाऊन, त्या जातीचा जिवंत मासा डोळे भरून पाहून मग.

"मेलेला डोळा अस्की माशांचा सारखाच," त्या म्हणायच्या; अस्की म्हणजे सगळे. "जिवंत डोळा ज्याचा त्याचा."

दिसायला लहानखुऱ्या, पाठ किंचित वाकलेली, फिक्या रंगाचं लुगडं. बघायच्या मात्र अशा, की समोरच्याने आपलं काही चुकलं का म्हणून स्वतःकडे पाहावं. साहेबही त्यांच्याशी बोलताना टेबलावरचा कागद वाचत असल्यासारखं करायचे. कपाटातली फॉर्मॅलिनची बरणी हलवायची झाली तर अक्का आधी आतल्या माशाला सांगायच्या, "जरा उचलतें हं." एकदा मी थट्टेने म्हटलं, "अक्का, तो मेल्याला तीस वर्षं झाली असतील." त्यांनी मान तिरकी करून विचारलं, "कोण सांगितलें? तो?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांचं हे असं का, ते मला त्यांच्या भाच्याने सांगितलं. तुकोजी म्हणजे भावाचा मुलगा. एका बँकेत कारकून. अक्का मांबळमला त्याच्याकडेच राहायच्या आणि संध्याकाळी तो त्यांना न्यायला यायचा. "अत्ते लहानपणीं विधवा झाली, अम्मा," तो फाटकाशी उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला. "यजमानांस नेतांना 'जिवंत आहेत, जिवंत आहेत' म्हणून ओरडली. तेव्हांपासून डोकें थोडें तसेंच. तुम्ही मनावर घेऊं नका." घरात, नात्यात, सगळ्यांनी ते कधीच ठरवून टाकलं होतं. अक्कांनीही. एकदा रंग कालवता कालवता सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "मला वेड लागलें होतें म्हणून सांगतात. असेल. इतकीं माणसें खोटें कशाला सांगतील?"

त्याच सुमाराला दक्षिणेकडच्या प्रवाळाच्या खडकांवरून आमच्याकडे माशांचे डबे आले. पाण्याचे डबे आगगाडीत हिंदकळून अर्धे रिकामे झाले होते, आणि एका डब्यात नारळाएवढा गोळा उलटा तरंगत होता. पोट वर, काटेरी, ताठ. फुगा मासा तो. तमिळमध्ये त्याला पेत्तै म्हणतात. संकट आलं की तो घटाघटा पाणी पितो आणि दुप्पट-तिप्पट फुगतो, म्हणजे गिळायला येणाऱ्याच्या घशात मावत नाही. पाण्याबाहेर काढला तर पाण्याऐवजी हवा गिळतो, आणि ती हवा त्याला पुष्कळदा बाहेर टाकता येत नाही. मग तो फुग्यासारखा वर येतो आणि तसाच मरतो. साहेबांनी बोटाने टोचून पाहिलं, "गेला," म्हणाले, आणि चित्र काढून बरणीत घालायला तो पांढऱ्या परातीत अक्कांकडे पाठवून दिला.

थोड्या वेळाने अक्कांनी मला हाक मारली. त्या परातीसमोर बसल्या होत्या, हातातली पेन्सिल तशीच. "हा मेला नाहीं," त्या म्हणाल्या. मी हात लावून पाहिला. कल्ला हलत नव्हता, अंग लाकडासारखं. मी तसं सांगितलं. "डोळा पाह," त्या म्हणाल्या, आणि मी वाकले. फुग्या माशाचे डोळे एकमेकांशी न विचारता फिरतात. एक पुढे तर दुसरा मागे. वरचा डोळा खिडकीकडे होता. मी बघत असताना तो हळूच फिरला आणि माझ्यावर येऊन थांबला. मी हात मागे घेतला. अक्कांनी त्याला दोन्ही हातांनी उचललं, टाकीत बुडवलं, तोंड वर धरलं आणि त्याचं पोट हलके हलके चोळत राहिल्या. कितीतरी वेळाने त्याच्या तोंडातून बुडबुडे निघायला लागले.

तो जगला. टाकी अक्कांच्याच खोलीत ठेवली, कारण इतर माशांबरोबर ठेवायची सोय नव्हती. त्याने शेजाऱ्यांच्या शेपट्या कुरतडल्या असत्या. वीतभर राखाडी अंग, त्यावर पांढरे ठिपके, आणि डोळ्याभोवती एकात एक पांढरी कडी. खवले नाहीतच, हात लावला तर वाळूकागद. वरखाली मिळून चार दात, पण जोडले जाऊन पोपटाची चोच झालेली. ही चोच जन्मभर वाढत राहते, म्हणून त्याला शिंपले, खेकडे, खडक असं काही ना काही फोडतच राहावं लागतं. नाहीतर तोंड मिटेनासं होऊन तो उपाशी मरेल. पोहायला मोठा मंद. शेपूट एका कुशीला दुमडून, पाठीचा न् पोटाचा इवलासा पर वल्ह्यासारखा हलवत फिरायचा. ज्याला कोणी खात नाही त्याला कसली घाई!

मला त्याची भीती वाटायची, सरळच सांगते. दुपारी सगळं सामसूम झालं की टाकीतून करकर असा आवाज यायचा. तो दात दातांवर घासायचा. आणि तो बघायचा. बाकीचे मासे काचेतून आरपार बघतात, हा माणसाकडे बघायचा. अक्का खोलीत शिरल्या की काचेशी यायचा, त्या ज्या बाजूला बसतील त्या बाजूला जाऊन थांबायचा. कधी कधी वाळूवर अंग टाकून पडायचा आणि डोळ्याभोवतीची कातडी आवळून चक्क डोळा मिटून घ्यायचा. मासा डोळा मिटताना मी तोवर पाहिला नव्हता. अक्का त्याचं चित्र काढत होत्या, पण एरवी चार दिवसांत होणारं काम यावेळी संपेना. बाकी मासा पुरा झाला, डोळ्याची जागा कोरी. शुक्रवारमागून शुक्रवार गेले.

"का अक्का, मुहूर्त सापडेना का?" मी चिडवलं.

"हा कांहींतरी सांगतो आहे," त्या म्हणाल्या. "कळेना झालें आहे. कळल्याविना डोळा कसा उघडूं?"

मग एके दिवशी तांबरमच्या एका कॉलेजातली मुलं संग्रहालय पाहायला आली. साहेबांनी त्यांना टाकीसमोर उभं केलं. अक्का पाठमोऱ्या बसून दुसऱ्याच कुठल्या माशाचे पर रंगवत होत्या. साहेब तमिळमध्ये रंगवून सांगत होते आणि एव्हाना मलाही ते समजायला लागलं होतं. या माशाच्या काळजात आणि गाभोळीत, म्हणजे पोटातल्या अंड्यांत, जहर असतं; ते त्याच्यात कुठून येतं कोणाला ठाऊक नाही, पण त्याला स्वतःला ते बाधत नाही. माणसाने खाल्लं तर आधी ओठांना मुंग्या येतात, मग बोटांना. जीभ जड होते. हात, पाय, मान एकेक करून जातात. "आणि गंमत अशी," साहेब म्हणाले, "की डोकं शाबूत राहतं. माणूस मेल्यासारखा पडतो, पापणी हलवता येत नाही. पण आजूबाजूचे जे बोलतात ते त्याला सगळं ऐकू येतं. यातून उठलेल्या लोकांनीच नंतर सांगितलेलं आहे." मुलांनी ओ ओ केलं. एकाने मेल्याचं सोंग केलं. साहेब त्यांना घेऊन पुढच्या दालनात गेले.

अक्कांचा कुंचला कागदावर टेकलेला होता आणि त्याखाली निळ्या रंगाचा डाग पसरत चालला होता. मी तो कागद हळूच ओढून घेतला.

"विमल," त्या म्हणाल्या, "साहेब सांगितले तें खरें आहे कां? तूं शिकलेली आहेस. अस्कीं सांग. कांहीं राखूं नको."

मी का म्हणून विचारलं. तेव्हा त्यांनी मला सांगितलं, माझ्याकडे न बघता, टाकीकडे बघत. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सासरची सगळी मंडळी रामेश्वराला गेली होती. तंजावरची माणसं, त्यांना कावेरीची मासळी ठाऊक. समुद्राचं काय ठाऊक असणार? परतीच्या वाटेवर एका कोळीवाड्याजवळ मुक्काम पडला. जाळ्यातून काढून कोळ्यांनी वाळूवर फेकलेला एक गुबगुबीत मासा यजमानांना दिसला. इतका चांगला गाभोळीचा मासा टाकून देतात म्हणजे काय, म्हणून त्यांनी तो उचलला. नदीच्या माशाची गाभोळी म्हणजे घरातली सगळ्यांत मोठी चैन. बाकीच्यांनी रस्सा नुसता चाखला, गाभोळी घरच्या थोरल्या मुलाची म्हणून त्यांना वाढली. जेवण झाल्यावर ते हसत हसत म्हणाले, ओठ झोपले माझे. मग विडा हातातून पडला. दुपारी जवळपासचा एक वैद्य येऊन नाडी पाहून गेला.

"अस्कीं म्हणालीं, भाग्याचा माणूस. रामेश्वराच्या वाटेवर मरण आलें," अक्का म्हणाल्या. "मी पायांपाशीं बसलें होतें. डोळ्यांतून पाणी आलें त्यांच्या. एकच थेंब. मी सांगितलें तर म्हणालीं, तुझेंच पाणी पडलें असेल. परक्या गांवांत प्रेत ठेवायचें नाहीं म्हणून दिवस मावळायच्या आधीं नेलें."

माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला नको. तो मासा दुसराच असेल असं म्हणता आलं असतं. वैद्याला कळत नव्हतं का, असंही म्हणता आलं असतं. पण त्या माझ्याकडे वळल्या होत्या आणि तशा नजरेसमोर मला खोटं जमत नाही.

"खरं आहे, अक्का," मी म्हणाले. "तसं होऊ शकतं. पण बहुतेक वेळा श्वासही बंद पडतो. बहुतेक वेळा माणूस खरंच गेलेला असतो."

"बहुतेक," त्या म्हणाल्या. "आणि एक दिवस ठेवलें असतें तर?"

"एक दिवस काढला तर कधी कधी उठतो."

"शरी." तमिळमधलं 'बरं' ते. त्यांनी कुंचला पाण्यात बुडवून ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मला वेड लागलें नव्हतें." हे त्या अशा म्हणाल्या की मला रडू कोसळलं. त्यांचे डोळे कोरडे होते. इतकी वर्षं ज्याला वेड म्हणून त्या उराशी धरून जगल्या ते खरं निघालं होतं, आणि हे खरं त्या वेडापेक्षा कितीतरी भयंकर होतं. मला वाटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. अजूनही अधूनमधून वाटतं.

"एक सांगूं?" त्या म्हणाल्या. "आमच्यांत बायको नवऱ्याचें नांव घेत नाहीं. मोठ्यांसमोर तर त्यांच्याशीं बोललेंही नव्हतें मी. त्या दिवशीं घेतलें. अस्कीं उभीं असतां, नांव घेऊन मोठ्यानें हाक मारली. पहिल्यांदाच. सासूबाई माझ्या तोंडावर हात ठेविल्या आणि मी उगी राहिलें. तें त्यांनीं ऐकिलें असेल, होय कां नाहीं?"

"ऐकलं असेल."

"मग ते वाट पाहात राहिले असतील. पुन्हां हाक मारील म्हणून."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. टाकीतला मासा काचेशी येऊन थांबला होता. अक्का खुर्चीत सरळ झाल्या आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "व्यंकोजी." दोरीवरचे कागद खिडकीच्या वाऱ्याने सरसरले, मग थांबले. मी टाकीकडे बघायचं टाळलं.

नंतर त्यांनी फुग्या माशाचं चित्र पुढ्यात घेतलं. त्या दिवशी शुक्रवार नव्हता, त्या जेवलेल्या होत्या, न्हाणं सकाळीच कधीतरी झालं होतं. मी म्हटलं, "अक्का, नेम?" त्या म्हणाल्या, "एक नेम पाळून बसलें तेवढें पुरे," आणि डोळ्याभोवतीची पांढरी कडी रंगवून त्यांच्या मधोमध डोळा उघडला. मी त्या चित्राजवळ पुष्कळ वर्षं काम केलं. ते भिंतीवर लागलं तेव्हा साहेब खूश झाले. पण त्याच्याखालच्या बाकावर कोणी डबा खायला बसत नसे. मासा त्या पावसाळ्यात मेला. अक्कांनी त्याला संबंध दिवस टाकीतच राहू दिलं.

त्यानंतर तुळजाक्कांना एक नवीन खोड लागली. मांबळममध्ये कुठे कोणी गेलं की त्या न बोलावता जायच्या, मृताच्या उशाशी बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. पाणी आलं का, मुलगा गाडीत बसला का, बाहेर कोण कोण आलं आहे, असं सगळं साधंच. रडणाऱ्या बायकांना त्या दटावायच्या: "उगीं रडूं नका. त्यांस ऐकूं येतें आहे. बोला कांहीं." सुरुवातीला लोक त्यांना दारातूनच परत पाठवायचे. तुकोजीला तर मान वर करायची सोय उरली नाही. "अत्ते, प्रेतांशीं गप्पा मारणारी म्हणून अस्की स्ट्रीट हसतो," तो म्हणायचा. "हसूं दे," त्या म्हणायच्या, "हसणेंही ऐकूं येतें त्यांस." पुढे पुढे लोकच निरोप धाडायला लागले. गेलेल्या माणसाशी भांडण मिटवायचं राहून गेलेले फार असतात, आणि अक्कांनी सांगितलं की त्यांना बोलायला निमित्त मिळायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. एक म्हातारा आपल्या मेलेल्या भावाच्या कानाशी वाकून पुटपुटत होता आणि अक्का भिंतीला टेकून त्या प्रेताच्या पापण्या बघत होत्या. मी पुन्हा गेले नाही.

स्वतःचं त्यांनी तुकोजीला बजावून ठेवलं होतं. "मला त्या दिवशीं नेऊं नको. एक दिवस ठेव. आणि उगी बसूं नका."

त्या गेल्या त्या ऐन उन्हाळ्यात. तापाचं निमित्त झालं. सकाळी डॉक्टर येऊन सांगून गेले आणि तुकोजीचा निरोप आला तशी मी निघाले. घरात नातेवाइकांची वादावादी चालली होती. मद्रासचा उन्हाळा, घरात लेकरं, शेजाऱ्यांना त्रास. दिवसाउजेडी उरकून घ्या, असंच सगळ्यांचं म्हणणं. तुकोजी खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं, हा आता हो म्हणणार. पण तो उठला, सायकल काढली आणि बर्फाच्या लाद्या घेऊन आला. "उद्यां," एवढंच म्हणाला. दोघे-तिघे रागावून निघून गेले.

मग आम्ही बोलत राहिलो, पाळीपाळीने. आधी फार अवघड गेलं. मी संग्रहालयातली हकीकत सांगितली, नवीन साहेबांच्या नकला केल्या. तुकोजीच्या बायकोने अक्कांजवळ बसून कढीपत्ता निवडला आणि अक्कांना आवडायची ती भाजी कशी करायची ते त्यांनाच विचारलं. शेजारणी यायच्या, हळू आवाजात सुरुवात करायच्या, मग नळावरच्या भांडणापर्यंत जायच्या. अक्कांच्या चेहऱ्यावर बर्फाचा गारवा होता. मी वारंवार डोळ्यांकडे बघत होते, आणि काय दिसावं असं मला वाटत होतं ते माझं मलाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ताटी बांधून झाली. चार जण पुढे आले. तुकोजीने त्यांना हाताने थांबवलं, तो गुडघे टेकून बसला आणि अक्कांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "अत्ते, आतां नेऊं कां?"

कोणी हसलं नाही. प्रेतयात्रेपुढे ढोल वाजवणारा दारात उभा होता, त्याने हातातल्या काठ्या खाली केल्या. तुकोजी तसाच वाकून राहिला, आणि आम्ही सगळे त्या उत्तराची वाट बघत उभे राहिलो.